चाकावरचं पांढरं वांगं

नवऱ्याचं नाव घ्यायले मले लाज वाटत नाही. दिवसभर दुसऱ्या बायाइले "नवऱ्याचं नाव काय, लेकरं किती, शेवटचं केवढं" असं विचारून रजिस्टरात लिहिणारी बाई मी, मी कायले लाजू? माह्या नवऱ्याचं नाव भाऊराव. आणि मोठा दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या वर्षी हा माणूस आमच्या अंगणात थर्माकोलचं घर बांधून राह्यला होता. तेही चाकावरचं. हसा, हसा. मी पण हसली होती, चांगली दात काढून हसली होती.

मी पंचफुला. राहते अमडापूरले, बौद्धवाड्यात. नोकरी सरकारी नर्सबाईची. माह्याकडे चार गावं होती. तीन गावं अशी, की सकाळी जावं आणि दिवे लागायच्या आत घरी यावं. चौथं हिवरटेक. तिथं जायले आठ मैलाची पांदण, एसटीचं नाव नाही. म्हणून साहेबाचा हुकूम असा, की नर्सबाईनं दर सोमवार-मंगळवार हिवरटेकले मुक्काम करावा, महिन्याचे आठ मुक्काम भरावे, आणि मुक्कामाच्या रजिस्टरावर सरपंचाची सही आणावी. आठ भरले नाही तर नर्सबाईची बदली पार सातपुड्याच्या पायथ्याशी. आता त्या साहेबाले कोण विचारते, की बावा, मुक्काम करावा, पण कुठं करावा?

हिवरटेकचा सरपंच अर्जुनराव. घर दोन मजली. वर एक माडी, तिले जिना बाहेरून. माह्या आधीची नर्सबाई त्याच माडीत राहत होती. ती त्यांच्या जातीतली. सरपंचाची बायको सत्यभामाबाई तिले सकाळचा चहा वर नेऊन द्यायची, हे मले गावानंच सांगितलं.

पहिल्या सोमवारी मी पिशवी घेऊन गेली. अर्जुनरावनं हात जोडले. "या बाई, या. तुम्ही आलात, गावाचं भाग्य. पण काय सांगू, माडीत सध्या धान्य भरलं आहे."

मी म्हणलं, असंल बाप्पा. सुगीचे दिवस होते. पुढच्या महिन्यात माडीत कापूस होता. त्याच्या पुढच्या महिन्यात पाहुणे होते. मग भिंतीले भेग पडली. मग माडीत साप निघाला. मग परत धान्य. आणि दुष्काळाच्या वर्षी, जेव्हा अख्खं गाव रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन राह्यलं होतं, घरातल्या उंदरालेसुद्धा दाणा मिळत नव्हता, तेव्हाही अर्जुनरावच्या माडीत धान्य मावत नव्हतं! तीन वर्षं त्या माडीत धान्य भरलेलंच. हिवरटेकची माडी नाही, सरकारी गोदामच होतं ते.

जात हा शब्द त्यानं कधी तोंडातून काढला नाही. तेवढं मात्र मानलं पाहिजे, माणूस लय गोड. 'बाई' म्हटल्याशिवाय हाक नाही. ओसरीवर बसवणार, पाणी देणार. फक्त माह्या पाण्याचा पेला कोनाड्यातला, वेगळा. मले काय दिसत नव्हतं? मी नर्स आहे, आंधळी नाही.

तुम्ही म्हणाल, हिवरटेकले तुमची माणसं नव्हती का? होती ना. बौद्धवाड्यात सात घरं होती. चांगुणाबाईनं तर मले हात धरून नेलं. एका खोलीत ती, तिचा नवरा, सासू आणि चार पोट्टे, त्यात मले भिंतीकडची जागा दिली. मी तिथं दोन मुक्काम केले. बुधवारी सहीले गेली तर अर्जुनराव पेन खाली ठेवून म्हणे, "बाई, तुम्ही तिकडं राह्यल्या, तर गावातल्या बाया दवाईले येणार नाहीत. नर्सबाईनं कसं गावात राहावं." म्हणजे गावात जागा नाही, आणि गावाबाहेर सही नाही! काय अक्कल, काय अक्कल!

मग राह्यली शाळेची पडवी. तीन बाजूनं उघडी. बरोबर एक सतरंजी, एक कंदील, आणि कुत्रं आलं तर हाकलायले छत्री. रजिस्टरात 'मुक्कामाचे ठिकाण' असा रकाना आहे. त्यात अर्जुनराव आपल्या वळणदार अक्षरात लिहायचा, 'शाळेची पडवी', आणि खाली झोकात सही. त्याले त्याचं काही वाटायचं नाही. दिवसा त्याच गावातल्या बायाइची बाळंतपणं मी करायची. माहे हात चालत होते त्याइले, फक्त अंथरूण चालत नव्हतं.

हे मी घरी सांगत नव्हती. भाऊराव तवा मुंबईले होता. नऊ वर्षं तिकडं फायबरच्या कारखान्यात काम केलं यानं. काचेचं कापड असते, त्यावर रेझिन नावाचा चिकट रस लावायचा, थरावर थर, की लोखंडावानी कडक होते. त्याच्या होड्या करत, पाण्याच्या टाक्या करत. कारखाना बंद पडला तसा हा घरी आला. बाकीचे लोक मुंबईहून येताना ट्रान्झिस्टर आणते, साड्या आणते. यानं काय आणलं? रेझिनचा एक पिपा, काचेच्या कापडाचे चार तागे, आणि खाज. ते कापड नुसतं हातात धरलं तरी दोन दिवस अंग खाजवत बसा.

श्रावणात झड लागली होती. एका बुधवारी सकाळी हा मले घ्यायले सायकल घेऊन हिवरटेकले आला. येणार म्हणून सांगितलं नव्हतं. मी पडवीच्या कोपऱ्यात उकिडवी बसून होती, सतरंजी ओली, छत्री उघडून पावसाच्या बाजूले आडवी धरलेली. रात्रभर तशीच. यानं पाह्यलं. माही पिशवी सायकलले अडकवली. आठ मैल चिखलातून सायकल ढकलत आलो, आणि या माणसानं आठ मैलात एक शब्द काढला नाही. मले वाटलं, चिडला माह्यावर, काऊन सांगितलं नाही म्हणून. मीच बडबडत होती, "इतकं काय त्यात, झोपते माणूस कुठंही."

घरी येऊन म्हणे, "फुला, तुही उंची किती?"

मी म्हणलं, "काऊन? तिरडी बांधता का?"

त्यानं दोरी घेऊन मले डोक्यापासून पायापर्यंत मोजलं आणि दोरीले गाठ मारली. इतकंच.

माघात त्यानं काम काढलं. म्हणे, मुंबईत एका साहेबानं परदेशी मासिकातला फोटो आणला होता. मोटारीमागं जोडायची लहानशी झोपायची गाडी, पाण्याच्या थेंबावानी, समोरून गोल, मागं निमुळती. कारखान्यात यानंच ती केली. साहेब आणि त्याची बायको तिच्यात महाबळेश्वरले जाऊन झोपत होते. मी म्हणलं, "घरात पलंग असताना पैसे खर्चून बाहेर झोपते? अशा माणसाले डॉक्टरले दाखवायले पाहिजे." भाऊराव म्हणे, "त्याले हौस होती. तुले गरज आहे." आणि परत मुकाट कामाले लागला. असं बोलून हा गप्प बसते, मग भांडावं कोणाशी?

खामगावचा एक बर्फाचा कारखाना मोडून राह्यले होते. त्याच्या भिंतीतले थर्माकोलचे जाड पत्रे यानं बंडीभर आणले. जुन्या जीपचा आस आणि दोन चाकं चिखलीच्या भंगारातून. आसावर सागाची चौकट. त्यावर थर्माकोलचे पत्रे बांबूच्या काड्या खुपसून एकाला एक जोडले, आणि मग त्याले गोलाई द्यायले सुरुवात केली. कशानं? माह्या किसणीनं! ज्या किसणीनं मी गाजर किसायची, त्या किसणीनं हा घर किसत होता. पांढरा चुरा सगळ्या घरात. केसात थर्माकोल, पिठात थर्माकोल, भाकरीत थर्माकोल. झाडायले जा, तर झाडूले चिकटते, झाडू झटकला तर लुगड्याले चिकटते. पंधरा दिवस आम्ही ते खाल्लं. मी नर्स असून सांगते, पोटाले काही होत नाही, फक्त डोकं फिरते.

अंगणात आकार दिसू लागला, तशी गल्ली जमू लागली. शेजारची तानाबाई, तिच्या पाच बकऱ्या आमच्याच कुडाले बांधलेल्या, ती कमरेवर हात ठेवून म्हणे, "हे तं वांगं दिसून राह्यलं वं! आडवं पाडलेलं!" झालं. भाऊरावचं वांगं. अमडापूरच्या बाजारात भाजीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे विचारायले लागले, वांगं पिकलं का? मी बाजारात जायची सोडली. मले सांगा, ज्या बाईले शिकून-सवरून नोकरी लागली, मान मिळाला, तिनं वांग्यात राहायचं?

आता त्यातली खोच ऐका. ते रेझिन थर्माकोलवर सरळ पडलं, तर थर्माकोल खाऊन टाकते. तापल्या तव्यावर लोणी ठेवावं तसं, पाहता पाहता नाहीसं. म्हणून आधी थर्माकोलवर कागद चिकटवून त्याचा थर द्यायचा, तो वाळवायचा, मगच काच आणि रेझिन. हे भाऊरावले पक्कं ठाऊक होतं. मुंबईले नऊ वर्षं तेच केलं ना. कागद मीच दिले. कुटुंब नियोजनाची पोस्टरं माह्याकडे गठ्ठ्यानं पडून होती, गावातले लोक ती भिंतीवर लावू देत नव्हते. यानं ती उलटी लावली, कोरी पांढरी बाजू वर. चिकटवायले ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली, घमेलंभर. वरून सगळं पांढरंफेक झालं. मग आम्ही वडनेर भोलजीले लग्नाले गेलो, म्हणे परत येईपर्यंत वाळते.

मुंबईच्या कारखान्यात बकऱ्या नव्हत्या. एवढीच गोष्ट माह्या नवऱ्याच्या ध्यानात आली नाही!

तानाबाईच्या पाचही बकऱ्या दोरीसकट येऊन आमच्या वांग्याची मेजवानी करून गेल्या. ज्वारीची खळ, त्याले कागद लावलेला, बकरीले आणखी काय पाहिजे? पण सगळी पोस्टरं खाल्ली असती तर दिसलं तरी असतं. त्याइनं इथं चाटलं, तिथं कुरतडलं. खाली थर्माकोल पांढरा, वर कागद पांढरा. भाऊरावच्या डोळ्याले काही दिसलं नाही. उन्हात रेझिन लवकर गोठते म्हणून हा भल्या पहाटे उठला, काचेचं कापड अंथरलं, ब्रशानं रेझिन लावायले लागला. आणि मागच्या बाजूनं वांगं बसायले लागलं. धूर नाही, आवाज नाही. नुसता खड्डा. एक खड्डा, दुसरा खड्डा, नऊ खड्डे मी मोजले.

हा तिथंच बसला. ब्रश हातात तसाच कडक झाला. मी दोन महिने तोंड चालवत होती, पण त्या दिवशी त्याचं तोंड पाहून मी नुसता त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला. मग रागच आला मले. बकऱ्याइचा आला, तानाबाईचा आला, अर्जुनरावचा तर इतका आला की बस! तो तिकडं आपल्या भरलेल्या माडीखाली सुखानं सुपारी कातरत असंल, आणि इकडं माहा नवरा वांग्याजवळ डोक्यावर हात देऊन बसला आहे.

मी म्हणलं, "खळीत मोरचूद टाकलं का?"

"नाही."

"दवाखान्यात रजिस्टरं बांधायले माणूस येते, तो खळीत मोरचूद टाकते. कीड लागत नाही, जनावर तोंड लावत नाही. तुम्ही मुंबईले नऊ वर्षं काय शिकले, माती?"

त्यानं माह्याकडे पाह्यलं आणि हसला. मग आम्ही दोघंही खाजवत, शिव्या देत ते खड्डे भरत बसलो. थर्माकोलचे तुकडे कापून बसवले, मोरचुदाची निळी खळ लावली, कागद, काच, रेझिन. आठ खड्डे भरले. नववा आरपार गेला होता, तो बाहेरून बुजवला, पण आत उशाजवळ तसाच राहू दिला.

पण छळ संपला कुठं! खळीमुळं रेझिन थर्माकोलपर्यंत पोचत नाही, पण कागदात मुरलं की कागद काचेसारखा आरपार दिसते. दुसऱ्या दिवशी पाहते, तर सगळ्या वांग्यावर खालची पोस्टरं उमटलेली. लाल त्रिकोण, हसणारा बाप, हसणारी माय, दोन लेकरं. इकडून त्रिकोण, तिकडून त्रिकोण. तानाबाई हसून हसून खाली बसली. मी भाऊरावले सांगितलं, रंग लावा, नाही तर मी यात मेली तरी पाय ठेवणार नाही. त्यानं पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. आतून माह्या जुन्या लुगड्यांचं अस्तर लावलं. बाजूले दार, दोन्हीकडे लहान खिडक्या. मागचं झाकण वर उचललं की चूल ठेवायची जागा, आणि माह्या दवाईच्या पेटीचा कप्पा. आत लांबी किती? माह्या उंचीच्या त्या दोरीपेक्षा एक वीत जास्त. मी आत पाय पसरून आडवी झाली. कुठंच टेकले नाही. "कसं आहे?" बाहेरून हा विचारते. मी म्हणलं, "डबा आहे डबा."

दुष्काळात आमच्या जोडीतला एक बैल गेला होता, एक राह्यला होता. गाडी इतकी हलकी की तो एकटा ती ओढत होता, आणि मागं वळून पाहत होता, काही जोडलं आहे की नाही म्हणून.

वैशाखातल्या सोमवारी आम्ही हिवरटेकले पोचलो. पोट्टे मागं ओरडत, "वांगं आलं, वांगं!" म्हणजे ते नाव आठ मैल आमच्या पुढं धावत गेलं होतं. शाळेजवळच्या निंबाखाली गाडी लावली. बैल घेऊन भाऊराव परत गेला, बुधवारी घ्यायले येणार होता. अर्जुनराव चार माणसं घेऊन आला, गाडीभोवती फिरला, बोटानं टिचकी मारून पाह्यली. "बाई, हे काय आणलं? अंडं आहे का? आतून पिल्लू निघंल नं एखाद्या दिवशी!" चारही माणसं हसली. त्याइले हसायचाच पगार होता.

मी म्हणलं, "तुमच्या माडीत धान्य असते ना सरपंच. तुमाले त्रास नको म्हणून घर संगं आणलं." त्याचं हसू तिथंच राह्यलं. बुधवारी रजिस्टरात त्यानं काय लिहावं, हे त्याले सुचंना. शेवटी लिहिलं, 'स्वतःची गाडी'. सही मात्र बारीक केली.

मग गावाची मजा पाहा. वैशाखाचं ऊन, सगळी घरं टिनाची, दुपारी आत बसलं तर माणूस भाजून निघते. माह्या गाडीत मात्र थंड. बर्फाच्या कारखान्याचा थर्माकोल तो, वरून निंबाची सावली, खिडकीले ओलं पटकूर. बायाइले पत्ता लागला. ज्या बाया तीन वर्षं मले दारातून गोळ्या मागत होत्या, त्याइचं दुपारी डोकं दुखायले लागलं, पोट दुखायले लागलं. गोळी घ्यायची आणि मान आत घालायची. "किती गार आहे वं बाई!" म्हणत आतच बसायच्या. ज्या अंथरुणाचा मुक्काम त्याइच्या घरात चालत नव्हता, त्याच अंथरुणावर बसून! मी एकीलेही उठ म्हणलं नाही. मी नुसती पाहत होती, आणि मनात म्हणत होती, वा रे वा, तुमचं सोवळं उन्हात वितळते का?

तिसऱ्या सोमवारी सत्यभामाबाई आली. सरपंचाची बायको कधी शाळेकडे यायची नाही. भर दुपारी, अनवाणी, डोक्यावर पदर नाही. तिची लेक पुष्पा बाळंतपणाले माहेरी आली होती. बाळंतपण मीच केलं होतं, सहा दिवस झाले होते. "बाई, लेकरू अंगावर पीत नाही. तापलं आहे."

मी धावली. खाली बाळंतिणीची खोली, वर माडीचं टिन तापलेलं, दारं-खिडक्या बंद, आत शेगडी पेटलेली. बाळंतिणीले वारा लागू नये म्हणून! लेकराचं अंग चुलीतल्या निखाऱ्यावानी. ओठ सुकलेले, टाळू आत गेलेली, रडायचंही त्राण नाही. मी शेगडी उचलून बाहेर फेकली. "याले गार जागा पाहिजे, आत्ताच्या आत्ता. चिखलीले न्यायचं तर या उन्हात रस्त्यातच जाईल."

अर्जुनराव दारात उभा होता. तोंड पांढरं पडलेलं. एवढा गोड बोलणारा माणूस, शब्द जुळवत होता. "बाई... तुमच्या गाडीत..."

माह्या जिभेवर सगळं तयार होतं बरं का. तीन वर्षांचं तयार होतं. मी म्हणलं, "गाडीत धान्य भरलं आहे, असं म्हणू का सरपंच?"

मी थांबली नाही. असं म्हणायची सोय मले नाही, मी नर्स आहे. लेकरू मी ओल्या फडक्यात गुंडाळून पदराखाली घेतलं, पुष्पाले दोन बायाइनं धरलं, आणि गाडीत नेऊन निजवलं. खिडक्याइले ओली पटकुरं, लेकराचं अंग पुसत, चमच्या-चमच्यानं उकळून गार केलेलं पाणी, मग आईचं दूध पिळून थेंब थेंब. सगळं गाव निंबाखाली उभं. उन्हं कलली तवा लेकरानं पहिल्यांदा तोंड वासलं आणि रडलं. सत्यभामाबाई मटकन खाली बसली. अर्जुनराव गाडीच्या चाकाले हात लावून उभा, टिचकी नाही, नुसता हात.

मी बाहेर आली, हात पुसले, माही पिशवी उचलली. म्हणलं, "दोन दिवस पोरीले आणि लेकराले इथून हलवायचं नाही. मी येऊन पाहत राहीन. आता एक सांगा सरपंच. ती माह्या जागेवर झोपते. मी कुठं झोपू?"

सगळं गाव ऐकत होतं. तीन वर्षांत हा सवाल मी तोंडानं विचारला नव्हता, कारण विचारायच्या आधीच धान्य भरलेलं असायचं. अर्जुनराव इकडं पाहते, तिकडं पाहते. ती चार माणसं जमिनीकडे पाहून राह्यली होती.

"माडीवर," सत्यभामाबाई खालूनच बोलली. "बाई माडीवर झोपतील." नवऱ्याकडे पाह्यलंसुद्धा नाही तिनं.

मी बाहेरच्या जिन्यानं वर गेली, कडी काढली. मले वाटलं होतं, निदान चार पोती तरी असतील. खरं सांगते, मनातून वाटत होतं की असावी. काहीच नव्हतं. एक दाणा नव्हता. पलंग, त्यावर गुंडाळलेली गादी, कोपऱ्यात तिपाईवर माठ पालथा घातलेला. भिंतीले भेग नाही. खुंटीवर एक कॅलेंडर, तीन वर्षांपूर्वीचं, ज्या महिन्यात आधीची नर्सबाई गेली त्याच महिन्यावर थांबलेलं. म्हणजे तीन वर्षं ही खोली रिकामी होती, आणि खाली मी पडवीत छत्री धरून बसली होती. मी जिन्यात बसली आणि रडली. दुःखानं नाही, संतापानं. धान्य तरी भरायचं होतं हो! खोटं बोलायले इतका तरी खर्च करायचा होता माह्यासाठी!

मग डोळे पुसले आणि खाली आली. पिशवीतून रजिस्टर काढलं, अर्जुनरावपुढं धरलं. त्यानं पेन घेतलं. 'सरपंचाचे घर' लिहायले लागला.

"घर नाही," मी म्हणलं. "माडी लिहा. आणि रिकामी होती असं लिहा."

"बाई, रकाना लहान आहे..."

"तुमचं अक्षर सुंदर आहे सरपंच. बारीक लिहा."

त्यानं लिहिलं. लोकाइच्या देखत, घाम पुसत. 'सरपंचाची माडी, रिकामी.' खाली सही. ते रजिस्टर अजून दवाखान्याच्या कपाटात आहे, कोणाले खोटं वाटत असंल तर जाऊन पाहा.

दोन दिवसांनी लेकरू दूध ओढायले लागलं आणि पुष्पा घरी गेली. पुढच्या सोमवारी मी भाऊरावसोबत गाडी घेऊन निंबाखाली पोचली, तर सत्यभामाबाई वाट पाहत उभी. म्हणे, "बाई, माडी झाडून ठेवली आहे. गादी उन्हात टाकली होती. तुम्ही आता तिथंच या." मागं अर्जुनराव उभा होता. हात जोडलेले होते, पण या वेळेस गोड काही बोलला नाही.

तिचा मले राग नव्हता. तिले मी 'येते चहाले' म्हणलं, आणि गेली पण. पेला त्या दिवशी कोनाड्यातला नव्हता. पण अर्जुनरावले मी सांगितलं, "माडीत आता खरंच धान्य भरा सरपंच. तेवढं तरी खरं होऊ द्या."

आणि आपल्या वांग्यात जाऊन आडवी झाली. उशाजवळचा तो बकऱ्याइनं केलेला नववा खड्डा आहे ना, त्यात माहा चष्मा बरोबर बसते. भाऊराव बाहेरून विचारते, "फुला, कसं आहे?" मी म्हणलं, "डबा आहे डबा." खरं सांगितलं तर डोक्यावर चढंल हा माणूस.